परातीतले कासव: हर्मन जातीच्या एका पिल्लाच्या घराची फेररचना

मराठीत ‘कासव’ हा एकच शब्द आहे. विहिरीत सोडलेले, वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे आणि रानात गवत खाऊन राहणारे, ही तिन्ही आपल्या लेखी कासवेच, आणि देवळाच्या सभामंडपात फरशीत बसवलेले दगडीही तेच. इंग्लंडमधील रेडिंग येथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात एका जानेवारीत जे घडले, त्याच्या मुळाशी काही अंशी हा शब्दच होता. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींनी पाहिले की नातीचे कासव दिवसभर काचेवर पाय घासत राहते, डोळे धड उघडत नाही आणि समोर ठेवलेले खात नाही. त्याला पाणी हवे आहे, असे त्यांनी ठरवले, स्टीलची परात तीन-चार बोटे पाण्याने भरली आणि पिल्लू तीत सोडले. पिल्लू जमिनीवरच्या जातीचे होते. चार सेंटिमीटर लांबीचा तो जीव पोहू शकत नाही, त्यामुळे तो सरळ तळाशी गेला. दहा वर्षांची नात शेजारीच उभी होती म्हणून त्याला काही क्षणांत बाहेर काढता आले. त्या संध्याकाळी मला फोन आला, कारण ओळखीच्या मंडळींमध्ये चौदा वर्षे हर्मन कासवे सांभाळणारी मी एकटीच होते. कुटुंबाच्या परवानगीने आणि कोणाचेही नाव न घेता हे प्रकरण येथे लिहीत आहे.

आजींची कृती घातक होती, परंतु त्यांचे निदान चुकीचे नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. पिल्लू खरोखरच तहानलेले होते.

पहिल्या भेटीतील स्थिती

हर्मन कासव (टेस्टुडो हरमानी) हे स्पेन, फ्रान्स व इटलीपासून बाल्कन देशांपर्यंतच्या भूमध्यसागरी प्रदेशातले. रानातून पकडलेल्या भूमध्यसागरी कासवांचा व्यापार युरोपात १९८४ पासून बंद आहे, म्हणून ब्रिटनमध्ये आज मिळणारी पिल्ले घरी किंवा प्रजननकेंद्रांत जन्मलेली असतात आणि त्यांच्या विक्रीसाठी प्रमाणपत्र लागते. या कुटुंबाकडे ते होते. ऑगस्टमध्ये अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू नोव्हेंबरमध्ये घरी आणले, तेव्हा त्याचे वजन २७ ग्रॅम होते. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले तेव्हा ते २४ ग्रॅम भरले. वाढत्या वयात वजन दोन महिने स्थिर राहणे हेही काळजीचे असते, येथे तर ते उतरले होते.

पाण्यात बुडाल्यावर फुप्फुसात पाणी राहिले असेल तर त्याचे परिणाम काही दिवसांनी दिसतात, म्हणून पेटीकडे वळण्यापूर्वी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे जाणे भाग होते. त्यांनी फुप्फुसे स्वच्छ असल्याचे सांगितले, कवच घट्ट असल्याची खात्री केली, डोळ्यांसाठी थेंब दिले आणि शरीरात पाणी कमी असल्याची नोंद केली. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग ओल्या चुन्यासारखा मऊ असायला हवा, तो बारीक वाळूसारखा खरखरीत येत होता. डोळे सुजले की ‘अ’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. त्याचे प्रमाण जरा जास्त झाले तर कासवाची कातडी सोलवटून निघते, म्हणून ते त्यांनी दिले नाही. मला हा निर्णय फार योग्य वाटला.

पिल्लाचे घर म्हणजे साठ सेंटिमीटर लांबीची काचेची मत्स्यपेटी होती. दुकानात ‘सुरुवातीचा पूर्ण संच’ म्हणून एकत्र विकतात तसा तो प्रकार होता. तळाशी लाकडाचा कोरडा चुरा, पेटीखाली विजेची गरम चटई, झाकणाच्या बारीक जाळीवर एक तापदिवा व पिळदार आकाराचा अतिनील दिवा, आणि काचेला चिकटवलेला गोल काट्याचा तापमापक. काटा २८ अंश सेल्सिअस दाखवत होता आणि घरातील सर्वांना ते योग्य वाटत होते. पण तो काटा जमिनीपासून वीस सेंटिमीटर उंचीवर, थंड काचेला टेकून बसला होता, आणि तेथे कासव कधीच जात नव्हते. त्याची पाठ जमिनीपासून जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरवर असते, आणि माझ्या मते अशा पेटीतले प्रत्येक माप त्याच उंचीवर घ्यायला हवे. अवरक्त तापमापकाने पाहिले तेव्हा दिव्याखालची जमीन ४४ अंश होती आणि सर्वांत लांबचा कोपरा ३१. खालच्या चटईमुळे पेटीत कोठेही थंड जागा उरली नव्हती. जमिनीलगतची आर्द्रता २४ टक्के भरली. ब्रिटनमधल्या घरांत हिवाळाभर रेडिएटर चालू असतात आणि हवा तशीच कोरडी होते, त्यात वरून दिवा व खालून चटई. अतिनील निर्देशांक, जो या जातीसाठी ऊन खाण्याच्या जागी ३ च्या पुढे असावा असे मानले जाते, तो पाठीच्या उंचीवर ०.३ निघाला. बराचसा जाळीतच अडला होता आणि उरलेला अंतरामुळे क्षीण झाला होता.

पिळदार अतिनील दिव्यांच्या काही जुन्या बनावटींमुळे कासवांचे डोळे सुजल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे प्रथम माझाही संशय तिकडेच गेला. परंतु इतका थोडा प्रकाश खाली पोहोचत असताना दिव्याला दोष देता येईना. लाकडाच्या चुऱ्याची धूळ आणि कोरडी हवा हेच कारण अधिक पटणारे होते. काचेवर पाय घासणे हेदेखील खेळ नव्हता. कासवाला काच अडथळा म्हणून कळत नाही. पलीकडे मोकळी जागा दिसते आणि ते जाऊ पाहत राहते.

नवी पेटी

कोरडेपणाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो आहोत असे वाटेल, पण हर्मनचे मूळ प्रदेश उष्ण व कोरडे आहेत, मग पिल्लाला ओलावा कशासाठी, हा प्रश्न या कुटुंबाने विचारला आणि तो रास्त आहे. उत्तर असे की पिल्ले उघड्या उन्हात फारशी दिसत नाहीत. ती झुडपांच्या मुळाशी, पालापाचोळ्याखाली, मातीत अर्धी रुतून राहतात आणि तेथली हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी दमट असते. व्हिएन्नातील पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी आफ्रिकी सुल्काटा कासवाच्या पिल्लांवर केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कवचाच्या खवल्यांवर उंचवटे येतात, ज्याला पिरॅमिडिंग म्हणतात, त्याला आहारातील प्रथिनांपेक्षा कोरडी हवा अधिक कारणीभूत असल्याचे त्यात आढळले. जात वेगळी असली, तरी भूमध्यसागरी पिल्ले सांभाळणाऱ्यांचा अनुभव याच दिशेचा आहे. असे उंचवटे एकदा आले की ते जन्मभर राहतात, आणि हे जनावर पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते.

काचेची पेटी बाजूला ठेवून कुटुंबप्रमुखांनी प्लायवूडची उथळ पेटी बनवली: ९० बाय ६० सेंटिमीटर, भिंती ३० सेंटिमीटर उंच, आतून बागेतल्या तळ्याला लावतात त्या जाड रबरी कापडाचे अस्तर. भिंती अपारदर्शक असल्यामुळे पाय घासणे दोन दिवसांत थांबले. वरून पूर्ण उघडी पेटी ओलावा धरत नाही, म्हणून थंड अर्ध्या भागावर पारदर्शक प्लॅस्टिकचा सरकता पत्रा ठेवला आणि दिव्यांचा अर्धा भाग मोकळा सोडला. पत्रा दिव्यांखाली चालत नाही, कारण काच किंवा साधे प्लॅस्टिक आवश्यक ते अतिनील किरण अडवते. याच कारणाने खिडकीत ठेवलेल्या कासवाला ऊन मिळते हा समज खोटा ठरतो. त्याला मिळते ती फक्त उष्णता.

जमिनीसाठी खत न मिसळलेली बागेची माती आणि मुलांच्या खेळण्याची धुतलेली वाळू साधारण सातास तीन या प्रमाणात मिसळून आठ सेंटिमीटरचा थर दिला. नुसती वाळू, लाकडाचा चुरा, अक्रोडाच्या टरफलाचा भुगा असे पदार्थ टाळले, कारण अन्नाबरोबर ते पोटात जातात आणि आतडी तुंबतात. थंड बाजूच्या एका कोपऱ्यात थर दहा सेंटिमीटरचा केला, त्यात कोकोपीट व शेवाळ मिसळले आणि वर मातीची अर्धी कापलेली कुंडी पालथी पुरली. हे निजघर. पाणी जमिनीवर शिंपडायचे नाही. ते पेटीच्या कोपऱ्यांतून हळूहळू ओतायचे, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि ज्यावर पोट टेकते तो वरचा थर जवळजवळ कोरडा राहतो. निजघरात ८० टक्के आणि उघड्या भागात ५५ ते ६० टक्के आर्द्रता या रीतीने टिकली.

दुसऱ्या टोकाला सपाट पाटीचा दगड, त्याच्यावर पस्तीस सेंटिमीटर उंचीवर ऊन देणारा दिवा, आणि त्याला समांतर बारा टक्के अतिनील-बी किरणांची सरळ ट्यूब परावर्तकासह. दगडावर ३३-३४ अंश, पाठीच्या उंचीवर निर्देशांक ३.२, आणि तेथून निजघराकडे जाताना दोन्ही मापे उतरत जाऊन शेवटी २१ अंश व शून्य. हा उतार म्हणजे पेटीचा प्राण. कासव स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, ते जागा बदलते. जागा बदलायला वावच नसेल तर तापमानाचा आकडा कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही. गरम चटई काढून टाकली. निसर्गात उष्णता वरून येते, आणि उष्णतेपासून मातीत शिरून सुटका करून घेण्याची कासवाची उपजत सवय चटईमुळे उलटी त्याच्याच अंगावर येते.

आहारात काकडी, टोमॅटो आणि आइसबर्ग लेट्यूस होते. तिन्ही बंद केले. पहिले काही आठवडे एन्डाइव्ह, रॉकेट व लॅम्ब्स लेट्यूस या पालेभाज्यांवर भागवले, आणि खिडकीत कुंड्यांमध्ये डॅन्डेलायन व प्लँटेन या रानवनस्पतींचे बी टाकले. मार्चनंतर आजींचे खरे साहाय्य येथे झाले. दुधासारखा चीक असलेली सो-थिसल ही रानवनस्पती त्यांनी रानपाला तोडायच्या पहिल्याच फेरीत ‘ही तर आपल्या पाथरीसारखी’ म्हणून ओळखली. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत, तेव्हा हा अंदाज दूरचा नव्हता. मात्र फवारणी झालेल्या किंवा कुत्रे फिरवतात त्या रस्त्याच्या कडेचे काही तोडायचे नाही, असे ठरले. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पेटीतच ठेवला. पिल्लू त्याला हवे तेव्हा तो कुरतडते.

झालेल्या तीन चुका

पहिली चूक माझी. ओलावा वाढवण्याच्या उत्साहात मी पहिल्या दिवशी माती प्रमाणाबाहेर भिजवली, आणि पेटी ज्या भिंतीला लागून होती ती घराची बाहेरची भिंत होती. चौथ्या दिवशी सकाळी नाकपुडीशी एक बुडबुडा दिसला. मातीत तापमापकाचा प्रोब (टोकाची संवेदक तार) खुपसला तर १३ अंश. रात्री हवा १६-१७ अंशांपर्यंत उतरणे या जातीच्या निरोगी पिल्लाला सहज चालते, पण ओले आणि गार हे दोन्ही एकत्र आले की श्वसनाचा आजार दूर नसतो. पेटी आतल्या भिंतीकडे, टेबलावर हलवली, दोन दिवस पाणी घातले नाही, पशुवैद्यांना पुन्हा दाखवले. औषध लागले नाही. कोरडेपणाच्या भीतीने मी उलट्या टोकाला गेले होते, आणि त्याचे खापर फोडायला दुसरे कोणी नव्हते.

दुसरी अधिक गंभीर होऊ शकली असती. फेब्रुवारीत नातीने पेटीची ‘सजावट’ बदलताना थर्मोस्टॅटचा (दिव्याचे तापमान राखणाऱ्या उपकरणाचा) प्रोब उचलून कडेवर ठेवला आणि तो बाहेर लोंबकळला. प्रोबला खोलीतली १९ अंशांची हवा लागली, थर्मोस्टॅटने दिवा पूर्ण शक्तीने चालू ठेवला, आणि शाळेतून परत आल्यावर दगडाचे तापमान ४६ अंश निघाले. पिल्लू निजघरात, मातीत अर्धे रुतलेले, २२ अंशांत शांत होते. जुन्या पेटीत त्याला जायला जागाच नव्हती. यानंतर दोन बदल केले. प्रोब पाटीच्या कडेला खिळ्याच्या पट्टीने बांधला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिवा कमी वॅटचा घेऊन त्याचे अंतर असे ठरवले की थर्मोस्टॅट पूर्ण निकामी झाला तरी दगड ३८ अंशांच्या वर जाणार नाही. हे पाहण्यासाठी एका रविवारी थर्मोस्टॅट मुद्दाम काढून, पिल्लू दुसऱ्या डब्यात ठेवून, दिवा चार तास चालवला. हे काम पेटीत कासव ठेवण्यापूर्वी करायचे असते.

तिसरी साधी. निजघराची कुंडी आणि भिंत यांमध्ये दोन बोटांची फट राहिली होती. भिंतीवर चढू पाहताना पिल्लू त्या फटीत पाठीवर उलटे पडलेले सापडले. उलटे पडलेले पिल्लू दिव्याखाली असेल तर ते भाजून मरते, म्हणून चढण्याजोगी कोणतीही वस्तू दिव्याखाली ठेवत नाहीत. फट मातीने भरली, आणि इकडेतिकडे ओबडधोबड चपटे खडे पुरले, ज्यांना पाय अडकवून ते स्वतः सुलटे होऊ शकते. गुळगुळीत फरशीवर त्याला तो आधार मिळत नाही.

अंगणात

मे महिन्यात, दिवसाचे तापमान १८ अंशांच्या वर आणि ऊन असेल तेव्हा, पिल्लाला घरामागच्या हिरवळीत नेऊ लागले. लाकडी चौकटीचा सव्वा मीटरचा वाफा, जमिनीत वीतभर गाडलेली कड, आणि वर बारा मिलिमीटरची घट्ट जाळी. जाळीबद्दल घरात थोडी कुरबुर झाली, कारण ती दिसायला बरी नव्हती. पण मॅगपाय व कावळा या दोघांना चार सेंटिमीटरचे कासव म्हणजे एक घास, आणि रेडिंगच्या वस्त्यांत कोल्हे रात्रीच काय, भर दुपारीही फिरतात. वाफ्यातली बटरकपची रोपे उपटली, एक कोपरा झुडपाच्या सावलीत ठेवला, उथळ बशीत पाणी दिले. नळाचे पाणी तेथे जड असते, बशीवर पांढरी पुटे चढतात, पण पिल्लाला त्याची अडचण नाही. हात धुण्याचा नियम प्रथमपासून होता, कारण कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. नातीला तो शिकवायला लागला नाही, आजोबांना दोनदा सांगावा लागला.

फेब्रुवारीच्या मध्याला २८ ग्रॅम, एप्रिलअखेर ३४, सप्टेंबरमध्ये ५१ अशी वजनाची वही आहे. खवल्यांच्या कडेने आलेली नवी फिकट वाढ सपाट आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळातली जुनी कड मात्र किंचित उंचावलेली दिसते आणि ती तशीच राहील. पहिल्या हिवाळ्यात त्याला निजवले नाही. या वर्षी, पशुवैद्यांनी तपासून हरकत नाही म्हटले तर, आठ आठवड्यांची छोटी शीतनिद्रा देण्याचा विचार आहे.

हे वाचून पुण्या-मुंबईत असा प्रयोग करावासा वाटला तर आधी कायदा पाहावा. बाजारात गुपचूप विकले जाणारे स्टार कासव हे भारतीय वन्यजीव आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली ते पाळणे व विकणे गुन्हा आहे, आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. असे कासव घरात असेल तर त्याच्यासाठी पेटी बनवू नये, वनविभागाला कळवावे.

आजी जुलैमध्ये पुण्याला परतल्या. परात मागेच राहिली. रोज सकाळी शाळेपूर्वी नात त्यात कोमट पाणी ओतते, पट्टीने मोजून एक सेंटिमीटर, म्हणजे पोटकवच बुडेल पण हनुवटी वर राहील एवढे. पिल्लू त्यात पंधरा मिनिटे बसते, मान लांब करून पाणी पिते, आणि मग परात सुपारीएवढ्या घाणीसह बागेत ओतली जाते.